सापाच्या पेटीला कुलूप का?

वाचकहो, इतिहास शिकवणारा माणूस सापांविषयी काय सांगणार, असे तुमच्या मनात येईल. तो विषय प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांचा, असेच कोणीही म्हणेल. परंतु राजेरजवाडे आणि लढाया एवढाच काही इतिहास नसतो. माणूस कोठे चुकला, त्या चुकीची किंमत काय पडली आणि मागून येणाऱ्यांनी तीतून काय घेतले, हेही इतिहासातच मोडते. साप धरून आणून जवळ बाळगण्याचा माणसाचा उद्योग फार जुना आहे. त्या उद्योगात माणसे दगावली, आणि त्यांच्या जिवाच्या मोलाने काही साधे नियम आपल्या हाती लागले. ते नियम आणि त्यांच्यामागच्या गोष्टी आज सांगायच्या आहेत.

आपल्या खेड्यांत सापाचे नाव सहसा घेत नाहीत, रात्री तर नाहीच. ‘जनावर’ म्हणायचे, ‘लांबडं’ म्हणायचे. दंश झाला तर ‘पान लागलं’ म्हणायचे. या बोलण्यात भीती आहे, तसाच आदरही आहे. त्याच्या वाटेला आपण जायचे नाही, एवढी समजूत त्यात मुरलेली आहे. आणि असे असूनही आज पुष्कळ गावांत एखादा तरुण तुम्हांला असा भेटेल की, ज्याने धरलेला नाग प्लॅस्टिकच्या बरणीत घालून माळ्यावर ठेवला आहे. संध्याकाळी मित्र जमले की बरणी खाली येते, झाकण उघडते, आणि कोणीतरी मोबाइल पुढे धरतो. मुलगा वाईट नसतो. सापाला मारू नये, ही त्याची भावना चांगलीच असते. पण सापाची ओळख झाली म्हणजे धोका गेला, असे त्याला वाटू लागलेले असते. आजच्या साऱ्या गोष्टींचे सार तेवढ्यातच आहे: साप बाळगणाऱ्याला अज्ञानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, घात करतो तो सराव.

आरंभ आपल्या गारुड्यापासूनच करू. वेताची किंवा बांबूची टोपली, तिच्यावर घट्ट झाकण, वर फडके, हीच त्याची पेटी. नागाला डोलायला लावणारी पुंगी सर्वांना ठाऊक आहे; पण नाग डोलतो तो सुरावर नव्हे. समोर हलणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या गुडघ्यावर त्याची नजर असते, म्हणून तो तसा हलतो. गारुड्याच्या सुरक्षिततेचा खरा भरवसा निराळ्याच गोष्टीवर असे. नागाचे विषदंत पाडायचे, किंवा त्याचे तोंडच शिवून टाकायचे. तोंड शिवलेला नाग उपाशी मरतो, हे तर क्रूरच. पण दात पाडलेला नाग निर्धोक झाला, हीही भ्रामकच कल्पना आहे. सापाच्या जबड्यात विषदंतांच्या मागे राखीव दात असतात. एक गेला की काही दिवसांत दुसरा त्याच्या जागी येतो, आणि विषाची पिशवी तर शाबूतच असते. म्हणजे काल निर्धोक असलेला नाग उद्या पुन्हा जीवघेणा होतो, आणि त्याचा दिवस टोपलीवर लिहिलेला नसतो. पहिला नियम येथेच मिळतो: विषारी साप ‘निर्विष करून’ पाळता येत नाही.

आता विलायतेकडे वळू. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी एक स्वतंत्र घर उघडले. अशा प्रकारचे जगातील ते पहिलेच. काचेच्या पेट्यांतून आपल्याकडचे नागही तेथे ठेवलेले होते. त्यांची देखभाल एडवर्ड गर्लिंग नावाचा रखवालदार करीत असे. १८५२ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. गर्लिंगचा एक मित्र ऑस्ट्रेलियाला निघाला होता, आणि त्याला निरोप देण्यात रात्र दारूच्या संगतीत गेली. सकाळी गर्लिंग कामावर आला तो त्याच अमलाखाली. त्याने एक विषारी साप हाताने बाहेर काढला आणि त्याच्याशी खेळ मांडला. सोबतच्या माणसाने नको म्हटले. पण त्याचे न ऐकता त्याने पुढची पेटी उघडून नाग उचलला आणि चेहऱ्याजवळ आणला. नागाने त्याच्या नाकावर दंश केला. घोडागाडीतून त्याला रुग्णालयात पोचवण्यात आले. पण सर्पविषावरचे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. थोड्याच वेळात त्याचा प्राण गेला.

या प्रसंगात किती गोष्टी एकत्र आल्या, पाहा. हा माणूस नवशिका नव्हता. रोज सापांतच वावरणारा होता. पेटी मजबूत होती. साप पळून गेला नाही, की त्याने आपण होऊन हल्ला केला नाही. पेटी उघडण्याचे काही कामही नव्हते. दारूच्या नशेत फुशारकीची भर पडली, बघायला माणूस समोर होता, आणि हात आपोआप पेटीकडे गेला. सोबत्याने सांगितले खरे, पण त्याला थांबवण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता. आज चांगल्या सर्पालयांत विषारी सापाची पेटी कुलुपात असते आणि एकट्याने ती उघडत नाहीत. पुष्कळांना वाटते, कुलूप साप बाहेर येऊ नये म्हणून असते. तसे ते असतेच. पण माणसाचा हात उगाच आत जाऊ नये, हेही त्याचे काम आहे. किल्ली शोधायला जो क्षण लागतो, त्या क्षणात माणूस भानावर येतो. आणि दुसरा माणूस हवा तो नुसता बघ्या नको. ‘आज नाही’ असे बजावून सांगणारा आणि प्रसंग पडल्यास मदतीला धावणारा हवा.

यानंतर चाळीस वर्षांनी माणसाला साप बाळगण्याचे एक खरेखुरे कारण मिळाले. १८९१ साली आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर सायगावला, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, काम करीत होता. पुराच्या दिवसांत तिकडच्या एका गावात नाग शिरले आणि कित्येकांना दंश झाले. तेथील एका माणसाने धरलेले नाग पिंपात घालून काल्मेतकडे पाठवण्यात आले. त्या नागांच्या विषावर त्याने प्रयोग सुरू केले. पुढे १८९४ च्या सुमारास त्याने, आणि त्याच काळात पॅरिसमधील दुसऱ्या दोघा संशोधकांनी, एक गोष्ट सिद्ध केली. जनावराला विषाच्या अगदी लहान लहान मात्रा टोचत गेल्यास त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि ते रक्तद्रव दंश झालेल्याला उपयोगी पडते. आपण ज्याला सापाची लस किंवा प्रतिविष म्हणतो, ते हेच. आजही ते मुख्यतः घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात.

ही विद्या मुंबईला यायला फार दिवस लागले नाहीत. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जॉर्ज लँब नावाच्या डॉक्टरांनी सर्पविषावर काम केले. नागाच्या विषावर तयार केलेले औषध घोणशीच्या विषावर चालत नाही, असे त्यांना दिसून आले. आज ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण तोवर ‘सर्पविषाचे औषध’ म्हणजे कोणत्याही सापाचे औषध, अशी कल्पना होती. प्रत्येक जातीचे विष निराळे, म्हणून औषधही त्या त्या विषापासूनच करायला हवे, हे यातून ठरले. आपल्या देशात आज मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून केलेली असते. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या चापड्याच्या विषावर ती लागू पडत नाही. परदेशी विषारी सापाची तर गोष्टच सोडा. शहरातला एखादा हौशी माणूस चोरून असा साप पाळतो, तेव्हा ज्याचे औषध गावात, जिल्ह्यात, कदाचित देशातही नाही, असे विष तो घरात आणून ठेवतो. औषध कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर तो साप बाळगू नये. हा झाला आणखी एक नियम.

औषध हाताशी नसणे म्हणजे काय, ते १९५७ साली अमेरिकेत दिसले. शिकागोच्या मोठ्या निसर्गविज्ञान संग्रहालयात कार्ल श्मिट नावाचे सर्पशास्त्रज्ञ होते. वय सदुसष्ट, उभे आयुष्य सापांच्या अभ्यासात गेलेले. २५ सप्टेंबर रोजी शहरातल्या प्राणिसंग्रहालयाकडून एक साप ओळखण्यासाठी त्यांच्याकडे आला. साप होता आफ्रिकेतला बूमस्लँग, झाडावर राहणारा. लांबी जेमतेम अडीच फूट. श्मिट यांनी तो मानेमागे धरला, पण बोटे थोडी मागे पडली. सापाने तोंड वळवून त्यांच्या डाव्या अंगठ्यावर दंश केला. लागला तो एकच दात, तोही जरासा. या जातीचे विषदंत जबड्यात मागच्या बाजूला असतात, म्हणून तो माणसाला फारसा घातक नसावा, असा तेव्हा समज होता. श्मिट घरी गेले. मळमळ, थंडी, हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त अशी एकेक लक्षणे त्यांनी शास्त्रज्ञाच्या शिस्तीने वेळेसह टिपून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरे वाटले. उद्या कामावर येतो, असे त्यांनी संग्रहालयाला कळवले. त्याच दिवशी दुपारी त्यांचे निधन झाले. विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच नाहीशी केली होती, आणि शरीरात आतल्या आत रक्तस्राव होत राहिला होता.

शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. पण ‘विज्ञानासाठी प्राण दिला’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न मुलांना विचारा. साप लहान होता, म्हणून धोका लहान होता का? एकच दात लागला, म्हणून विष कमी चढले का? मधे बरे वाटले, म्हणून माणूस बरा झाला का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. आपल्याकडे घोणशीच्या आणि फुरशाच्या दंशातही रक्ताचे असेच होते. म्हणून डॉक्टर रोग्याचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनीही ते गोठले नाही, तर विष चढले आहे असे समजतात. ही परीक्षा रुग्णालयातच होते. ‘मला काही झालं नाही’ असे म्हणत घरी बसणाऱ्याची ती कोण करणार?

यानंतरची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. २००१ साली जोसेफ स्लोविन्स्की हे अमेरिकन सर्पशास्त्रज्ञ उत्तर ब्रह्मदेशाच्या डोंगराळ भागात सापांचा शोध घेत होते. वय अवघे अडतीस. सोबत्याने धरून आणलेला एक लहानसा पट्टेरी साप पिशवीत होता. तो विषारी नसावा अशी समजूत झाली, आणि ११ सप्टेंबरच्या सकाळी त्यांनी पिशवीत हात घातला. ती मण्यारीच्या जातीतली होती. हळूहळू हातपाय लुळे पडले, पापण्या मिटल्या, श्वास थांबू लागला. सहकाऱ्यांनी पाळीपाळीने आपल्या तोंडाने त्यांना श्वास दिला, तासन्‌तास दिला. पण जागा दुर्गम होती, हवा खराब होती, मदतीचे हेलिकॉप्टर वेळेवर पोचू शकले नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आता हीच गोष्ट आपल्या गावात आणून पाहा. आपल्याकडे मण्यार आहे आणि कवड्याही आहे. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. कवड्या बिनविषारी, घराच्या भिंतीवर पाली शोधत हिंडणारा. मण्यार अत्यंत विषारी, तीही रात्रीच घरात शिरणारी. दोघांत फरक आहेत. पण कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात, घाईत, भेदरलेल्या मनाने ते दिसत नाहीत. अजगराचे पिलू समजून घोणस उचलणारेही आढळतात. बरे, मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि सकाळी त्याच्या पापण्या जड होतात. म्हणून ज्यांचे कामच साप हाताळण्याचे आहे, ते ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारीच समजतात. पिशवीवर आणि पेटीवर सापाचे नाव, आणि विषारी असेल तर ठळक खूण, असलीच पाहिजे. पिशवीत हात घालायचा नाही. पिशवीच्या तळाला लांबून आकडी लावून ती उलटी करायची. पिशवी अंगाला लावून नेऊ नये, कारण कापडाच्या आडूनही साप चावतो.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, शंभर वेळा साप चावूनही जगलेली माणसे आहेत, त्यांचे काय?’ आहेत खरी. अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये बिल हास्ट नावाच्या गृहस्थांनी १९४७ साली सर्पालय काढले. औषधासाठी विष काढणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांना १७० हून अधिक वेळा दंश झाले, आणि २०११ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय शंभर होते. ते स्वतःला विषाच्या बारीक मात्रा टोचून घेत असत. पण त्यांच्या हातांकडेही पाहावे लागेल. दंशांनी बोटे वाकडी झालेली, आणि २००३ साली एका सापाच्या दंशाने एक बोट गमवावे लागलेले. वाचलेल्या एका माणसाची गोष्ट जगभर फिरते. न वाचलेल्यांची गोष्ट त्यांच्या घराच्या उंबऱ्यातच राहते. इतिहास लिहिताना आम्हांला नेहमी सांगतात की, उरलेल्या कागदांवरच सगळे ठरवू नका, नष्ट झालेल्या कागदांचाही विचार करा. येथेही तेच आहे.

बिनविषारी सापांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण परदेशांत घरी पाळले जातात ते बहुतेक असलेच साप. त्यांच्यामुळे जे प्रसंग ओढवले, त्यांचीही तऱ्हा ठरलेली आहे. पेटीचे झाकण सैल राहते. साप डोक्याने एकेक फट चाचपतो, आणि डोके शिरले की अंगही जाते. भक्ष्य हाताळलेल्या हाताला वास राहतो आणि साप हातालाच भक्ष्य समजतो. मोठा अजगर एकट्याने हाताळला जातो आणि त्याने वेढे घातल्यावर ते सोडवायला जवळ कोणी नसते. म्हणून भक्ष्य लांब चिमट्याने द्यावे, पेटीला अडसर असावा, आणि मोठा अजगर दोघांशिवाय बाहेर काढू नये, असे तिकडचे जाणकार बजावतात. आणखी एक गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. साप, सरडे, कासवे यांच्या विष्ठेतून आणि कातडीवरून साल्मोनेला नावाचे जंतू माणसात येतात. लहान मुलांना ते फार बाधतात. पाळलेल्या छोट्या कासवांमुळे मुले आजारी पडू लागली, तेव्हा अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. असा प्राणी हाताळला की साबणाने हात धुवावेत, आणि त्याचे भांडे स्वयंपाकाच्या मोरीत आणू नये.

साप निसटला तर धोका त्या एका घरापुरता राहतोच असे नाही. फ्लॉरिडाच्या दलदलीच्या रानात ब्रह्मी अजगर मुळात नव्हतेच. हौसेने आणलेले अजगर मोठे झाल्यावर मालकांनी रानात सोडले. १९९२ च्या चक्रीवादळात प्राणी वाढवणाऱ्यांच्या इमारती कोसळल्या आणि तेथूनही काही सुटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या भागात हे अजगर पसरले होते तेथे रॅकून नावाच्या प्राण्याचे दिसणे ९९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. त्याच वर्षी या अजगरांची आयात तिकडे बंद झाली. सापाला वाऱ्यावर सोडून देणे ही दया नव्हे, हे त्या रानाकडे पाहून कळते.

मग साप नीट बाळगल्याचे एकही उदाहरण नाही की काय? आहे, आणि ते आपल्याच देशातले आहे. तामिळनाडूतील इरुळा ही साप धरण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार जमात. पूर्वी सापांच्या कातड्यांच्या व्यापारावर त्यांचे पोट चाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि पुढे तो व्यापार बंद पडला. तेव्हा १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या संख्येइतकेच साप ते धरतात. मातीच्या मडक्यात अर्धी वाळू, आत साप, तोंडाला फडके घट्ट बांधलेले, अशी साधी पण पक्की व्यवस्था. सुमारे तीन आठवड्यांत चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यांवर बारीकशी खूण करतात आणि साप परत रानात सोडतात. तोच साप लवकर पुन्हा धरला जाऊ नये, म्हणून ती खूण. या विषापासून देशातल्या लसी तयार होतात. आता या व्यवस्थेत काय काय आहे, ते मोजा: कारण आहे, परवानगी आहे, संख्येला मर्यादा आहे, मुदत आहे, नोंद आहे. बरणीतल्या नागाच्या बाबतीत यातले एकही नसते.

म्हणूनच कायद्याचे शब्द नीट समजून घ्या. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडचे साप धरणे, जवळ बाळगणे, विकणे आणि त्यांचे खेळ करणे यांना मनाई आहे. बिनविषारी धामणही त्यात आली, आणि गुप्तधनाच्या खुळ्या लोभापायी ज्याचा चोरटा व्यापार चालतो ते मांडूळही आले. शोभेसाठी आणलेल्या काही परदेशी जातींच्या नोंदणीची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने झाली. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना माहीत आहे. तेथे जिवंत नागांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली; पुढे कायद्याने आणि न्यायालयाच्या आदेशांनी तिला वेगळे वळण लागले. श्रद्धेच्या गोष्टीत वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण मातीच्या किंवा चित्रातल्या नागाची पूजा तर आपल्या आयाबहिणी घरोघर करतच आल्या आहेत, आणि तीत ना नागाला इजा, ना माणसाला. दूध हे सापाचे अन्न नाही. ते बळेच पाजल्याने तो दगावतो, हेही त्या दिवशी मुलांना सांगावे.

तेव्हा तुमच्या-आमच्यासाठी साप पाळण्यातली सुरक्षितता म्हणजे साप न पाळणे, हीच होय. मात्र साप आपल्या घरी येणार नाही असे नाही. धान्याच्या कणगीपाशी उंदीर आले की त्यांच्यामागून तो येणारच. अशा वेळी मुलेबाळे आणि जनावरे दूर करा, सापावर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याला किंवा परवाना असलेल्या सर्पमित्राला बोलवा. तो माणूस आल्यावर ‘जरा दाखवा की’, ‘फणा काढायला लावा की’ असा आग्रह तुम्ही करू नका. गर्लिंगला जसा बघ्या मिळाला, तसा बघ्या आपण होऊ नये. सर्पमित्रांनाही विनंती आहे की, धरलेला साप एक रात्रही घरी ठेवू नका. वनखात्याकडे नोंद करून तो लगेच योग्य जागी सोडा. आणि थकलेले असाल, घेतलेली असेल किंवा आकडी जवळ नसेल, तर सरळ ‘मी येत नाही, दुसऱ्याला बोलवा’ म्हणा. त्यात कमीपणा कसला?

दंश झालाच, तर काय करावे तेही पाठ असू द्या. माणसाला धीर द्या, निजवा, दंशाचा अवयव हलू देऊ नका. हातातले कडे, अंगठी, बांगड्या काढा. चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, दोरीने आवळून बांधू नका. भगताकडे घालवलेला तास परत मिळत नाही. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने लस असलेल्या रुग्णालयात न्या. साप मारून किंवा धरून बरोबर नेण्याच्या भानगडीत पडू नका; त्यात दुसऱ्याला दंश होतो. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय संकल्प २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. त्या संकल्पाला हातभार लावणे तुमच्या शाळेतूनही होऊ शकते. विज्ञानाच्या तासाला चार विषारी सापांची चित्रे भिंतीवर लावा, जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस आहे ते त्याच्याखाली लिहा, आणि मुलांकडून तो पत्ता पाठ करून घ्या.

आणि गावातल्या त्या तरुणाच्या माळ्यावरची बरणी ठाऊक असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्याकडे जा. चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नका. त्याला बाजूला घ्या, शिकागोची आणि ब्रह्मदेशातली गोष्ट सांगा. ती माणसे त्याच्याहून अडाणी नव्हती, भित्रीही नव्हती. सापांवर त्यांचेही प्रेम होते. एवढे त्याच्या मनाला पटले, की वनखात्याला फोन करण्याचे काम तो स्वतःच करील.